सायलेन्सर तिसरा, तक्रार तीच

तीर्थस्वरूप आत्यांना,

भाचेजावयाने कोपरापर्यंत काजळी माखलेल्या हातांनी केलेला नमस्कार. (हात दोनदा घासून धुतले आहेत. तरीही कागदावर बोटं उमटली, तर ती आदरानेच उमटली आहेत असं समजावं.) तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढता येतो, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम? मोतीबिंदू काढल्यावर शेजारीण खरी केवढी म्हातारी आहे ते पहिल्यांदा दिसलं, असं तुम्ही हिला कळवलं होतं. ते वाचून आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तुमची भाची ठीक आहे, मी अजून उभा आहे, आणि तुमचे धाकटे बंधू, म्हणजे आमचे सासरे नाना, माझ्याशी बोलत नाहीत. बोलतात ते फक्त जीपविषयी, आणि ते वडीलधाऱ्यांना लिहिण्याच्या पत्रात घालता येण्यासारखं नाही.

तुम्ही इकडे येऊन बराच काळ झाला, म्हणून आधी घराचा नकाशा सांगतो. पुढची मोठी खोली पूर्वीसारखीच नानांची कार्यशाळा आहे. दुरुस्तीला आलेले पियानो तिथे एकमेकांना खेटून उभे असतात, कुणाच्या पट्ट्या काढलेल्या, कुणाचं पोट उघडं टाकलेलं, आणि त्यांच्यातून अंग चोरत आम्ही जेवायला आत जातो. या खोलीच्या भिंतीला लागून अंगण, आणि अंगणात माझी जीप. माझं काम तुम्हाला ठाऊक आहे: डोंगरमाथ्यांवर बसवलेली हवामानाची यंत्रं पुसायची, तपासायची, आणि त्यांत पाखरांनी घरटी केली असतील तर पाखरांची समजूत घालायची. तिथे रस्ता म्हणून काही नाही. दगड आहेत, ओढे आहेत आणि चिखल आहे. तेव्हा जीप ही माझी हौस नाही, पोटापाण्याची वस्तू आहे. (हे वाक्य नानांना वाचून दाखवलंत तर उपकार होतील.)

जीप मी जुनी घेतली, आणि ज्याच्याकडून घेतली त्या गृहस्थाला चिखलातल्या शर्यतींचा नाद होता. त्याने कंपनीचा सायलेन्सर काढून टाकून त्या जागी सांडपाण्याच्या नळाएवढं जाड, सरळसोट नळकांडं लावलं होतं. मूळचा सायलेन्सर कुठे गेला हे त्यालाही आठवत नव्हतं. सकाळी जीप सुरू केली की कपाटातल्या बशा वाजायच्या आणि सगळ्या पियानोंच्या तारा आपोआप गुणगुणायला लागायच्या. पण नाना इतकी वर्षं काही म्हणाले नाहीत. फार तर भुवई वर करायचे, मी निघून जाईपर्यंत हातातलं काम खाली ठेवायचे, आणि मग पुन्हा सुरू.

हे बिनसलं ते यंदा. शाळेचा पियानो नानांनी जुळवून दिला आणि आठ दिवसांत परत आला. संगीताच्या बाईंनी नम्रपणे कळवलं होतं की वरच्या टोकाचे सूर लागलेले नाहीत. आत्या, नानांच्या आयुष्यात एखादा पियानो असा परत आल्याचं तुम्हाला आठवतं का? हिला आठवत नाही. त्या दिवशी नाना जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले आणि जेवता जेवता निकाल जाहीर केला: दोष जीपचा. जीपचा आवाज त्यांच्या कानात जाऊन बसतो, दिवसभर हलत नाही, आणि त्यावर कुठल्याही माणसाला सूर जुळवता येणार नाही. एक तर जीप अंगणातून हलेल, नाहीतर ते सभागृहाचा मोठा पियानो नाकारतील. तो पियानो म्हणजे नानांसाठी काय आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. ही जन्मायच्या आधीपासून तो नानांच्याच हातचा आहे. कार्यक्रमाच्या दिवशी ते कोट घालून शेवटच्या रांगेत बसतात आणि गाणं-बजावणं काही ऐकत नाहीत, फक्त पियानो ऐकतात. पुढच्या महिन्यात तिथे मोठा कार्यक्रम आहे, आणि तो जुळवायला नकार देण्याची भाषा त्यांनी माझ्या ताटासमोर केली. 

तेव्हा शांत सायलेन्सर आणायचा असं ठरलं. यात काय अवघड आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आत्या, बाजारात जीपसाठी जे जे बाहेरचे सायलेन्सर मिळतात, ते सगळे आवाज वाढवण्यासाठी बनवलेले असतात. नाव सायलेन्सर आणि धंदा बोंबलण्याचा. दुकानदार दुकानाच्या आतही गॉगल घालून बसणारा होता. किती मोठा आवाज पाहिजे, एवढंच त्याने विचारलं. अजिबात नको, असं मी म्हटल्यावर तो आधी हसला, मग गंभीर झाला आणि घरात कुणी आजारी आहे का, अशी चौकशी करू लागला. मग त्याने फोनवर एकेका नळकांड्याचा आवाज ऐकवायला घेतला. फोनवर सगळेच डबा घासल्यासारखे वाजत होते, म्हणून त्याने फोन खाली ठेवला आणि तोंडानेच आवाज काढू लागला. गाल फुगवून, मान हलवून, डोळे मिटून. गिऱ्हाइकं जमली. एकाने फर्माईशही केली. शेवटी मी हात जोडून विचारलं की यातला सगळ्यात मवाळ कोणता, तेव्हा त्याने ओठ मिटून, दात घासता घासता माणूस गुणगुणतो तसा एक सूर लावला. मला तो इतका आवडला की मी लगेच घेतला. घरी आल्यावर लक्षात आलं की मी सायलेन्सर नव्हे, त्या माणसाचं तोंड पसंत केलं होतं.

पहिल्या सायलेन्सरच्या पोटात काचेची लोकर भरलेली होती. ती आवाज पिते म्हणतात. थोडे दिवस प्यायलीही. नाना दारात उभे राहून ऐकायचे आणि "गुरगुर कमी आहे, पण आहे" असा शेरा मारून आत जायचे. मग ओढ्यात पाणी वाढलं. मी जीप पाण्यात घातली आणि पलीकडे चढावर जोर दिला, तशी आतली लोकर ओली होऊन मागच्या नळीतून पुंजक्यांनी बाहेर पडू लागली. मागे वळून पाहिलं तर वाटभर पांढरे गोळे, जणू मी एखाद्या मेंढीला बांधून फरफटत आणलं होतं. लोकर गेल्यावर आत उरलं रिकामं पत्र्याचं पिंप. मी परत येतोय हे हिला गावाच्या वेशीपासून कळलं.

यानंतर जे घडलं ते तुमच्या बंधूंनी माझ्या अपरोक्ष केलं आहे. मी आंघोळीला गेलेला पाहून नाना अंगणात उतरले, जीपखाली शिरले (या वयात, नवा शर्ट घालून), आणि पियानोच्या हातोड्यांना लावायचं लोकरीचं फेल्ट, तेही कित्येक वर्षं जपून ठेवलेलं उत्तम प्रतीचं, त्या नळीभोवती नीट घडी घालून गुंडाळून पियानोच्याच तारेने आवळून बांधून आले. हातोड्याचा ठोका जर फेल्टने मऊ होतो, तर नळीचा का होणार नाही, हा त्यांचा हिशेब. नळी तापते, हे हिशेबात नव्हतं. अर्ध्या चढणीवर मला घोंगडी जळल्याचा वास आला. उतरून पाहतो तर मागून धूर. पिण्याचं सगळं पाणी ओतलं, चहाचा थर्मास ओतला. वाऱ्याची दिशा त्या दिवशी मला यंत्राशिवाय कळली. घरी येऊन मी फक्त उरलेली काळी वेटोळी नानांच्या समोर ठेवली. त्यांनी ती हातात घेऊन वास घेतला आणि फेल्ट फार चांगलं होतं, एवढंच म्हणाले. जीप जळली असती तर किंवा मी जळलो असतो तर, याबद्दल एक अक्षर नाही.

दुसरा सायलेन्सर घ्यायला मी गॉगलवाल्याकडे गेलो नाही, गॅरेजमधल्या वेल्डरकडे गेलो. हा कमी बोलणारा माणूस आहे, तोंडाने आवाज काढत नाही. त्याने आत खण असलेला, कपाटासारखा जड सायलेन्सर बसवला. धूर एका खणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा फिरून दमून बाहेर पडतो, त्यामुळे आवाजही दमलेला असतो. मला तो आवाज एकदम पटला. नाना मात्र म्हणाले की गुरगुर गेली हे खरं, पण खरा त्रास गुरगुरीचा नव्हताच, शिट्टीचा होता, आणि शिट्टी जशीच्या तशी आहे. शिट्टी? आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. हिला ऐकू आली नाही, मला आली नाही. नाना रागावून आत गेले आणि पियानोची अगदी उजवीकडची, शेवटची पट्टी दाबून दाखवली. हा सूर, म्हणाले. एवढी अगडबंब जीप आणि एवढासा बारीक आवाज! पण नाना सूर सांगतात तेव्हा आपण काय बोलणार? आपल्याला कान आहेत ते टोपी अडकवायला.

वेल्डर म्हणाला, सायलेन्सर गुरगुरतो, शिट्टी मारत नाही. शिट्टी असेल तर कुठल्यातरी जोडातून हवा निसटतेय. त्याने साबणाचं पाणी करून एकेका जोडाला लावलं. एकही बुडबुडा आला नाही. मग नाना स्वतः गॅरेजमध्ये आले. कोट घालून, खिशात ट्यूनिंग फोर्क घेऊन. त्यांनी तो फोर्क बंपरवर आपटला, नळीला टेकवला, पुन्हा आपटला, पुन्हा टेकवला, आणि याच जोडातून येतेय असं बोटाने दाखवलं. वेल्डरने तो जोड पक्का केला. नानांनी दुसरा दाखवला. तोही केला. संध्याकाळपर्यंत त्या जीपखाली असा एकही जोड उरला नाही ज्यावर नव्याने वेल्डिंग झालेलं नाही. उद्या काही बदलायचं म्हटलं तर करवतीशिवाय गत्यंतर नाही. आणि घरी पोचल्यावर नाना गाडीतून उतरता उतरता काय म्हणाले असतील? तीच शिट्टी. हा सायलेन्सर लोंबतही फार खाली होता. पुढच्याच आठवड्यात डोंगरावरच्या एका दगडाने त्याला पराठ्यासारखं लाटून टाकलं. (मला वाईट वाटलं नाही.)

आता तिसरा. यात मात्र मी आणि वेल्डर जिद्दीला पेटलो. खणांचाच, पण लांबट, पोटाशी वर उचलून बसवलेला, म्हणजे दगड लागणार नाही. नळीवर आणखी एक लहान डबा, जो ठराविक वेगाला येणारी घुमघुम मारतो. मागचं तोंड चाकाच्या मागे, खाली वळवलेलं, म्हणजे आवाज भिंतीकडे जाणार नाही. आत्या, अतिशयोक्ती करत नाही, जीप मुकी झाली. सुरू आहे की बंद हे कळायला बॉनेटवर हात ठेवावा लागतो. काल मी चालू इंजिन पुन्हा चालू करायला गेलो आणि किल्लीने असा काही आवाज केला की लाज वाटली. जीपवर भुंकायचा ज्याचा नेम होता तो शेजारचा कुत्रा आता ती गेल्यावर गोंधळून उभा राहतो. मी घरी आल्याचं हिला कळत नाही; परवा मी अर्धा तास आतून कडी लावलेल्या दाराबाहेर हॉर्न न वाजवता बसलो होतो, कारण हॉर्न वाजवला तर नानांना त्रास.

आणि नाना? नाना म्हणतात, तीच शिट्टी. कदाचित आधीपेक्षा थोडी जास्तच.

मी थकलो आहे, आत्या. माझी बुद्धी संपली, वेल्डरचे गॅस सिलेंडर संपले. सभागृहाच्या व्यवस्थापकांचा फोन येऊन गेला; नाना घेत नाहीत, हीच काहीतरी सांगून वेळ मारून नेते. तेव्हा तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरामागची शेड रिकामी असेल तर जीप काही दिवस तिथे ठेवू द्यावी. मी रोज बसने येईन आणि जीप घेऊन डोंगरावर जाईन. निदान नानांचं काम तरी सुरू होईल.

गुडघ्याला शेक देत राहा, जिन्याची घाई करू नका. ही तुम्हाला आठवणीने नमस्कार सांगते आहे आणि मी सगळं नीट लिहिलं का, म्हणून खांद्यावरून डोकावते आहे.

तुमचा, तीन सायलेन्सरांचा धनी असलेला,
भाचेजावई

ता. क. ही वाचून म्हणाली की नीट लिहिलेलं नाही, खरी गोष्ट गाळली आहे. बरोबर आहे तिचं. शेडबिड विसरून जा. एवढं लांबण लावलं ते एक गोष्ट लिहायची टाळण्यासाठी. गेल्या आठवड्यात जीप गॅरेजमध्ये होती, चाकं काढून ठोकळ्यांवर चढवलेली. मी बसने घरी आलो आणि कार्यशाळेत नानांच्या शेजारी चहा पीत बसलो. नानांचं डोकं पियानोच्या पोटात. वरच्या टोकाची एक पट्टी ते पुन्हा पुन्हा दाबत होते, दाबत होते, आणि एकदम हात वर करून ओरडले की आधी ती जीप बंद कर. अंगण रिकामं होतं, आत्या. ही स्वयंपाकघराच्या दारात होती, तिने माझ्याकडे पाहिलं. मी "करतो" म्हणालो, उठलो, बाहेर गेलो, रिकाम्या अंगणात थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. नाना म्हणाले, "बंद झाली तरी कानात राहते थोडा वेळ." मी म्हटलं, हो, राहते. ही आमच्याकडे पाठ करून भांडी आवरत राहिली. भांडी मघाशीच आवरून झाली होती. मला फार वाईट वाटलं, आणि इतके महिने मी त्यांच्यावर चिडत होतो याचाही राग आला.

ता. क. २ त्यांना आम्ही काही सांगितलेलं नाही. पियानो जुळवणाऱ्या माणसाला कानाचं कसं सांगायचं, ते मला येत नाही आणि हिच्या तोंडून निघत नाही. मी सांगितलंय की जीपमध्ये दोष आहेच, चौथा सायलेन्सर मागवला आहे. (खरंच मागवला आहे. वेल्डर मला वेड लागलं असं समजतो.) पण सायलेन्सर बदलून किती दिवस काढणार? डॉक्टरने वेळेत पाहिलं तर कदाचित उपाय असेल, निदान काय आहे ते तरी कळेल. नाना जगात फक्त तुम्हाला घाबरतात. सभागृहाच्या कार्यक्रमाआधी तुम्ही या आणि काहीतरी करून त्यांना कानाच्या डॉक्टरकडे न्या. कसं न्यायचं, ते मला सुचत नाही, तुम्हाला सुचेल.

ता. क. ३ पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात नाना आले. ताईला पत्र का, म्हणून विचारलं. मग खुर्ची ओढून बसले आणि काळजीने म्हणाले की तुला एक सांगायचं राहिलं, ताईचा आवाज हल्ली फार खोल गेलाय, फोनवर अर्धं कळतच नाही. (तुमचा आवाज फोन हातभर लांब धरला तरी स्वयंपाकघरात ऐकू येतो, हे तुम्हाला माहीत आहे.) या वयात घशाकडे दुर्लक्ष बरं नव्हे, तिला इकडे बोलावून घे, मी स्वतः तिला घशाच्या डॉक्टरकडे घेऊन जाईन, काम बाजूला ठेवून जाईन. हे मी अक्षरशः त्यांच्याच शब्दांत लिहिलं आहे. घशाचा डॉक्टर आणि कानाचा डॉक्टर एकच असतो, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तेव्हा आत्या, लवकर या, आणि कृपा करून घसा बसवूनच या.